वाचकांचे प्रश्न : ‘आमच्याकडे इन्फेक्शन शून्य’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात या सदरात अतिदक्षता विभागातील हातधुण्याविषयी लिहिल्यावर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच मुद्द्याभोवती फिरणारी आहेत : रुग्णालयात झालेला संसर्ग ‘रुग्णालयात झालेला’ हे ठरवायचे कोणी, आणि ठरल्यावर तो लिहायचा कुठे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची व रुग्णालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्याने सोमवारी दुपारी तिला जवळच्या एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. त्याच संध्याकाळी तिला लघवीची नळी घातली. बुधवारी शस्त्रक्रिया झाली. शुक्रवारी सकाळी थंडी वाजून १०१.५ ताप आला आणि लघवी कल्चरला पाठवली. तिची तब्येत उतरत चालल्याने शनिवारी आम्ही तिला नळीसकट मोठ्या रुग्णालयात हलवले. रविवारी रिपोर्ट आला : ई. कोलाय, एक लाखाच्या वर. पहिल्या रुग्णालयातील डॉक्टर म्हणाले, “शुगरचे पेशंट आहेत, हे इन्फेक्शन घरूनच आलेले असणार.” दुसऱ्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘कॅथेटरमुळे झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग’ असे स्पष्ट लिहिले आहे. यांतले खरे कोण? आणि पहिल्या रुग्णालयाने ही गोष्ट कुठे नोंदवायला हवी होती का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुम्ही वार आणि वेळा इतक्या नेटक्या लिहिल्या आहेत की उत्तर देणे सोपे झाले आहे. मोजणीच्या दृष्टीने दुसऱ्या रुग्णालयाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ते का बरोबर आहे, हे समजून घेतल्याशिवाय तुम्हाला त्याचा उपयोग होणार नाही.

डॉक्टर रुग्णावर उपचार करताना जे निदान करतात ते एक, आणि संसर्गांची मोजणी करताना जी व्याख्या लावतात ती दुसरी. निदानात अनुभव, अंदाज, शंका या सगळ्यांना जागा असते आणि ती असायलाच हवी. मोजणीत ती मुद्दाम ठेवलेली नाही. तशी जागा ठेवली तर एकाच आजारी माणसाला पाच रुग्णालयांत पाच शिक्के बसतील आणि मग कोणताच आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवता येणार नाही. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने १९७० पासून रुग्णालयांकडून असे आकडे गोळा करायला सुरुवात केली आणि २००५ पासून एनएचएसएन या जाळ्यामार्फत ती कामे एकत्र आणली. त्यांच्या व्याख्या आज जगभर वापरल्या जातात. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने आणि आयसीएमआरच्या साहाय्याने आपल्याकडे रुग्णालयांचे जे जाळे उभे राहिले, त्यातील मोजणीही त्याच धर्तीवर चालते.

या व्याख्या तुमच्या आईच्या बाबतीत लावून पाहू. दाखल झाल्याचा दिवस हा पहिला दिवस, मग दाखल होण्याची वेळ सकाळी सातची असो की रात्री अकराची. लागण दाखल झाल्याच्या दिवशी, त्याच्या आधीच्या दोन दिवसांत किंवा दुसऱ्या दिवशी दिसली, तर ती ‘येतानाच सोबत आलेली’. तिसऱ्या दिवसापासून पुढे दिसली, तर ती रुग्णालयाच्या खात्यावर. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, शुक्रवार पाचवा. पूर्वी आपल्याकडे ‘४८ तासांनंतर’ असे म्हणायची पद्धत होती आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी तसेच म्हणतात. पण ते ४८ तास कॅज्युअल्टीत कागद झाल्यापासून धरायचे की वॉर्डात खाट मिळाल्यापासून, यावर मी स्वतः तासभर चाललेले वाद ऐकले आहेत. तारखेचा नियम आला आणि तो वादच संपला.

नळीचा नियमही तसाच आहे. सलग दोन दिवसांहून अधिक काळ नळी असेल आणि संसर्ग दिसला त्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी ती जागेवर असेल, तर संसर्ग नळीशी जोडला जातो. कल्चरमध्ये दोनहून जास्त प्रकारचे जंतू नकोत आणि त्यांतील एकाची तरी संख्या दर मिलिलिटरला एक लाख किंवा त्याहून जास्त हवी. त्याच्या जोडीला एखादे लक्षण हवे, उदाहरणार्थ ३८ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४ च्या वर ताप, किंवा ओटीपोटात दाबल्यावर दुखणे. हे लक्षण कल्चर घेतल्याच्या दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत आलेले असावे. तुमच्या आईच्या बाबतीत यातली प्रत्येक अट पुरी होते. “ऑपरेशननंतर ताप येतोच” हा युक्तिवाद येथे चालत नाही. तापाला दुसरे कारण असू शकते असे डॉक्टरांना वाटले, तरी मोजणीत तो ताप धरावाच लागतो. मधुमेहालाही सूट नाही.

खाते कोणाचे, हेही ठरलेले आहे. रुग्णाला दुसरीकडे हलवल्याच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी संसर्ग दिसला, तरी तो आधीच्या ठिकाणाच्या नावावर जातो. तुमच्या आईचा ताप तर शुक्रवारचा, म्हणजे हलवण्याच्या आदल्या दिवसाचा.

आता नोंदीचा प्रश्न. तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे रिपोर्ट रविवारी आला आणि आई शनिवारीच तिथून बाहेर पडली होती. पहिल्या रुग्णालयाच्या हिशेबी त्यांची फाइल बंद झाली. रिपोर्ट प्रयोगशाळेतून वॉर्डात गेला असेल, वॉर्डातल्या सिस्टरने ‘पेशंट शिफ्टेड’ असे लिहून तो ट्रेमध्ये ठेवला असेल आणि तिथेच तो संपला असेल. कोणी काही दडवले असेलच असे नाही. फक्त तो कागद उचलून केस पेपरशी जोडण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नसते. हे काम इन्फेक्शन कंट्रोल नर्सचे, आणि तिने दररोज प्रयोगशाळेकडून आदल्या दिवशीचे सगळे पॉझिटिव्ह रिपोर्ट, रुग्ण घरी गेला असो वा दुसरीकडे, मागून घ्यायला हवेत. दुसऱ्या रुग्णालयानेही पहिल्याला कळवायला हवे. मुंबईत एका रुग्णालयातून दुसऱ्यात रुग्ण इतके हलतात की हा निरोप गेला नाही तर कितीतरी संसर्ग दोन्ही रजिस्टरांच्या मधल्या फटीत पडतात.

आपल्याकडे रुग्णालयनिहाय असे संसर्ग सरकारकडे कळवण्याची आणि लोकांसाठी जाहीर करण्याची सरसकट सक्ती नाही. एनएबीएचचे, म्हणजे रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या मंडळाचे, मानांकन घेतलेल्या रुग्णालयांना मात्र लघवीच्या नळीचे, सेंट्रल लाइनचे (म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे), व्हेंटिलेटरचे आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचे संसर्ग मोजावे लागतात. त्या रुग्णालयाला मानांकन असेल तर ही केस त्यांच्या आकड्यांत दिसायला हवी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण पत्राच्या सुरात मला कोर्टाची चाहूल लागली. रुग्णालयाच्या खात्यावर संसर्ग पडला म्हणजे हलगर्जी सिद्ध झाली, असे होत नाही. नळी असताना लघवीत जंतू उतरण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. उत्तम काळजी घेऊनही ७१ वर्षांच्या मधुमेही बाईला संसर्ग होऊ शकतो. विचारण्याजोगा प्रश्न असा की बुधवारच्या शस्त्रक्रियेनंतर गुरुवारी किंवा शुक्रवारी ती नळी अजून हवी होती का, आणि तसे कोणी तपासून केस पेपरवर लिहिले का. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. त्यात नर्सिंग नोट्स मागायला विसरू नका. नळीच्या गोष्टी डॉक्टरांच्या शेऱ्यांपेक्षा तिथेच अधिक सापडतात.

प्रश्न : मी एका ५० खाटांच्या रुग्णालयात सहा महिन्यांपासून इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. आधी हे काम वेगळे कोणी पाहत नव्हते. मेट्रन महिनाअखेरीस आकडे भरत आणि ते सगळे शून्य असत. मी रोज राउंड घेऊन नोंद सुरू केल्यावर पहिल्या तिमाहीत नळीच्या संसर्गाचा दर हजारी ५ आला. मग मी डॉक्टरांच्या मागे लागून गरज नसलेल्या नळ्या काढायला लावल्या, तर पुढच्या तिमाहीत दर उलट ७.५ झाला. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “सिस्टर, तुम्ही यायच्या आधी आपल्याकडे इन्फेक्शन नव्हते.” एक सर्जन तर माझ्या यादीतील केसवर रेघ मारून ‘संसर्ग नाही’ असे लिहितात. मी काय करावे?
— एक सिस्टर, बोरिवली

उत्तर : सिस्टर, तुमच्या साहेबांचे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की मला ते आता पाठ झाले आहे. एका रुग्णालयात मला जुनी रजिस्टरे दाखवली गेली होती. तीस दिवसांच्या तीस ओळी, सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी शून्य. एका दिवसाचीही खाडाखोड नव्हती. रोज भरलेल्या रजिस्टरावर चहाचा डाग पडतो, पेन बदलते, रविवारच्या ओळीत दुसऱ्या सिस्टरचे अक्षर येते. इथे तसे काहीच नव्हते. तो महिना एका बैठकीत भरला होता. असे शून्य म्हणजे कोणी पाहिले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आधी तुमच्या ७.५ चे पाहू, कारण तो आकडा तुमच्याविरुद्ध वापरला जातो आहे आणि वास्तविक तो तुमच्या बाजूचा आहे. दर काढताना वर संसर्गांची संख्या आणि खाली नळीचे दिवस, म्हणजे रोज किती रुग्णांना नळी होती त्याची बेरीज, असते. आलेल्या भागाकाराला हजाराने गुणायचे. समजा पहिल्या तिमाहीत ८०० नळी-दिवसांत ४ संसर्ग झाले, तर दर ५. तुम्ही नळ्या काढल्या, दिवस ४०० वर आले आणि संसर्ग ३ झाले, तर दर ७.५. संसर्ग झालेली माणसे चारांवरून तीनांवर आली, निम्मे दिवस नळीविना गेले, तरी आकडा फुगला. ज्यांना नळी खरोखरच लागते असे जास्त आजारी रुग्ण तेवढे मागे उरले, हेही त्याचे एक कारण. म्हणून पुढच्या मीटिंगला दराच्या शेजारी दोन स्तंभ आणखी ठेवा : संसर्गांची प्रत्यक्ष संख्या आणि एकूण रुग्ण-दिवसांपैकी नळीचे दिवस किती. शिवाय ५० खाटांच्या रुग्णालयात एक केस इकडची तिकडे झाली की दर उडी मारतो. तिमाहीवर निष्कर्ष काढू नका, निदान वर्षभराचा आलेख होऊ द्या.

खालचा आकडा चुकला की काय होते, याचे एक जुने उदाहरण तुम्हाला साहेबांसमोर वापरता येईल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेसमोर सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्याचे तक्ते भरावेत, अशी योजना मांडली होती. पुढे रुग्णालयांविषयीच्या आपल्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांच्या आकड्यांच्या आधारे लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्युदर ९० टक्क्यांच्या वर दाखवला आणि एकच गदारोळ झाला. वर्षभरातील मृत्यूंना त्यांनी एप्रिल १८६१ मधील एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. वर्षभरात दाखल झालेल्या सगळ्या रुग्णांनी भागले असते तर आकडा कितीतरी खाली आला असता. मृत्यू तेवढेच, छेद वेगळा. ज्या बाईंनी एकसारख्या तक्त्यांचा आग्रह धरला, त्यांच्याच आकड्यावर असे व्हावे, हा मला नेहमीच थोडासा दिलासा देणारा योगायोग वाटतो.

तुमचा छेद रोज एकाच वेळी मोजला जातो का? सकाळी दहा ठरवले असेल तर रोज दहा. दुपारचा राउंड आणि सकाळचा राउंड यांत सर्जरीच्या दिवशी चार-पाच नळ्यांचा फरक पडतो. सेंट्रल लाइनच्या बाबतीत एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी त्या दिवशी एकच धरायची. हे नियम किरकोळ वाटतात. पण तुमची सुट्टी असताना जी सिस्टर मोजते तिने वेगळ्या पद्धतीने मोजले, तर तुमचा महिना वाया जातो.

आता अंशाकडे, म्हणजे वरच्या आकड्याकडे. तुमच्याकडे ताप आला की किती वेळा कल्चर जाते? हा प्रश्न विचारते, कारण आपल्याकडे कल्चरचे पैसे बहुधा रुग्णाच्या बिलात जातात. नातेवाईक कुरकुरतात आणि डॉक्टर आधी अँटिबायोटिक सुरू करून ‘बघू दोन दिवस’ म्हणतात. दोन दिवसांनी कल्चर पाठवले तर त्यात काही उगवत नाही. ज्या रुग्णालयातून कल्चर कमी जातात, त्याचा दर आपोआप सुंदर दिसतो. रक्ताच्या बाबतीत तर याहून गंमत आहे. त्वचेवर राहणाऱ्या काही जंतूंच्या बाबतीत, केवळ एका नमुन्यात ते सापडले तर संसर्ग धरत नाहीत, कारण ते सुई टोचताना त्वचेवरूनही आलेले असू शकतात. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या निदान दोन नमुन्यांत तोच जंतू यावा लागतो. एकच बाटली पाठवायची सवय असलेल्या रुग्णालयात असा संसर्ग व्याख्येत कधी बसूच शकत नाही. म्हणून दरासोबत, हजार रुग्ण-दिवसांमागे किती कल्चर पाठवली, हाही आकडा ठेवा. तो तुमच्या शेजारच्या शून्यांना उत्तर देईल.

सर्जनसाहेबांच्या रेघेविषयी माझे मत ठाम आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपले निदान केस पेपरवर अवश्य लिहावे, आणि ते व्याख्येशी जुळत नसेल तरी दोन्ही आपापल्या जागी राहू शकतात. पण मोजणीच्या यादीतील केस काढण्याचा अधिकार त्यांना असू नये. ज्याचे गुण मोजायचे, त्याच्याच हातात गुणपत्रिका देण्यासारखे ते आहे. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना एवढेच विचारा, “सर, व्याख्येतली कोणती अट पुरी होत नाही?” अट खरोखर पुरी होत नसेल तर तुम्ही स्वतः खोडा आणि कारण लिहा. “मला तसे वाटत नाही” ही अट नाही. तुमच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडून हे एकदा लेखी ठरवून घ्या. आणखी एक करा : दर तिमाहीला दहा जुन्या केसेसचे कागद तुम्ही आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे डॉक्टर, एकमेकांशी न बोलता, वेगवेगळे तपासा आणि मग उत्तरे जुळवून पहा. पहिल्यांदा दोन-तीन ठिकाणी तरी फरक निघेल. माझा स्वतःचा पहिल्या खेपेला निघाला होता, आणि तीनपैकी दोन चुका माझ्या होत्या.

साहेबांना खर्चाची काळजी असेल तर १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सेनिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी अभ्यासाविषयी सांगा. जेथे संसर्गांची नीट मोजणी होत होती, त्यावर कृती होत होती, साधारण अडीचशे खाटांमागे एक प्रशिक्षित नर्स होती आणि सर्जनना त्यांच्या शस्त्रक्रियांचे आकडे परत कळवले जात होते, त्या रुग्णालयांत संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आकडे सर्जनना कळवणे हा त्यातला एक भाग होता, हे तुमच्या सर्जनसाहेबांनाही कळू द्या.

आणि शिक्षेविषयी. ज्या मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्याच मुंबईत नंतर घराघरांतून प्लेगचे रुग्ण लपवले गेले, कारण कळवले की माणसाला उचलून नेतील आणि घर उघडे पाडतील, अशी धास्ती होती. वॉर्डातल्या सिस्टरला वाटले की संसर्ग कळवला की मेमो मिळेल, तर ती वेगळे काय करील? मीटिंगमध्ये आकडा वाढल्यावर पहिला प्रश्न ‘कोणामुळे?’ असा न येता ‘कुठे?’ असा आला पाहिजे. ‘कुठे’चे उत्तर बहुधा साधे असते. एका ठिकाणी आम्ही महिनाभर शोधत होतो आणि शेवटी दिसले असे की सोनोग्राफीला नेताना वॉर्डबॉय लघवीची भरलेली बॅग रुग्णाच्या पोटावर ठेवत असे, कारण ट्रॉलीला अडकवायला हूकच नव्हता. बॅग मूत्राशयाच्या वर गेली की लघवी नळीतून परत आत येते. हूक बसवले आणि नेण्याआधी बॅग रिकामी करायची, असे ठरले. मेमो कोणालाच द्यावा लागला नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझ्या दोन्ही गुडघ्यांचे रिप्लेसमेंट ठरले आहे. मुंबईतील कोणत्या रुग्णालयात संसर्गाचे प्रमाण सर्वांत कमी आहे, याची यादी कुठे पाहायला मिळेल?
— एक ज्येष्ठ नागरिक, गिरगाव

उत्तर : अशी यादी नाही. इंग्लंडमध्ये रुग्णालयांनी एमआरएसए या जंतूचे रक्तातील संसर्ग कळवणे २००१ पासून सक्तीचे झाले. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने २००८ च्या ऑक्टोबरपासून काही रुग्णालयजन्य संसर्गांसाठी रुग्णालयांना जादा पैसे देणे थांबवले. आपल्याकडे २६ रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांची पाहणी लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि रक्ताच्या संसर्गांत क्लेब्सिएला हा जंतू सर्वांत पुढे असल्याचे तिने दाखवले. पण रुग्णाला निवड करता यावी, हा त्या पाहणीचा हेतू नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे श्रीमंत देशांत सात आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना निदान एक तरी असा संसर्ग होतो. त्यावरून आपल्या गल्लीतले रुग्णालय कसे आहे, ते कळणार नाही.

उद्या यादी निघाली तरी ती जपून वाचावी लागेल. पालघर-रायगडपासून येणारे, आधी दोन ठिकाणी फिरून हाताबाहेर गेलेले रुग्ण घेणारे महापालिकेचे रुग्णालय आणि ठरवून आलेल्या, चालत्या-फिरत्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे खाजगी रुग्णालय यांचे दर शेजारी मांडणे अन्यायाचे होईल. त्यातही जे नीट शोधतात त्यांचाच आकडा मोठा दिसेल.

तुम्ही सर्जनना भेटाल तेव्हा ‘तुमचा दर किती?’ एवढेच विचारू नका. ‘शून्य पॉइंट काहीतरी’ असे उत्तर मिळेल आणि तुम्ही खूश होऊन घरी याल. विचारायचे ते असे : गेल्या वर्षी किती गुडघे बदलले, त्यांतील किती रुग्णांशी ९० दिवसांनंतर तुम्ही फोनवर किंवा प्रत्यक्ष बोललात, आणि मग किती जणांना संसर्ग निघाला. गुडघ्याच्या सांध्यात खोलवर होणारा संसर्ग शस्त्रक्रियेपासून ९० दिवसांपर्यंत आणि वरवरचा ३० दिवसांपर्यंत मोजणीत धरतात. रुग्ण तर पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जातो. गिरगावातून कितीतरी जण टाके निघाल्यावर विश्रांतीला गावी, देवरुखला किंवा मालवणला जातात. तिथे जखमेतून पू आला की गावचे डॉक्टर ड्रेसिंग करतात, गोळ्या देतात, जखम भरते. माणूस बरा होतो, त्याचे उत्तमच आहे. पण मुंबईच्या रजिस्टरात त्याचे नाव ‘संसर्ग नाही’ या रकान्यात राहते. घरी गेलेल्यांचा पाठपुरावा न करणाऱ्या रुग्णालयाचा दर म्हणजे फक्त पहिल्या पाच-सहा दिवसांचा दर.

तुमच्या बाजूनेही एक करा. गावी काही झाले तर गावच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, जखमेचा मोबाइलवर फोटो काढा आणि दोन्ही मुंबईच्या सर्जनना पाठवा. ते काम रुग्णालयाचे आहे, हे खरे. पण तुमच्या गुडघ्याचाही त्यात फायदा आहे, कारण सांध्यातल्या संसर्गात नुसत्या गोळ्यांवर काढलेले दोन आठवडे फार महाग पडतात.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचे की नाही, हा प्रश्न तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांचा आणि हृदयाच्या डॉक्टरांचा आहे. त्यात मी पडत नाही.

प्रश्न : वडिलांना प्रोस्टेटमुळे वर्षभर लघवीची नळी आहे, घरीच असतात. दर महिन्याला मी लघवीचे कल्चर करून आणते. या वेळी रिपोर्टवर दोन जंतू आणि ‘एक लाखाच्या वर’ असे आले, पण डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले नाही. ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे. डॉक्टरांचे दुर्लक्ष होते आहे का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : नाही. डॉक्टर बरोबर वागले. वर्षभर नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू असणारच. ते तिथे वस्तीला असतात, त्रास देत नाहीत. ताप, थंडी, ओटीपोटात किंवा कमरेच्या बाजूला दुखणे, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे असे काही असेल तरच त्याला संसर्ग म्हणायचे. वर मुलुंडच्या बाईंना ताप होता म्हणून त्यांच्या रिपोर्टला अर्थ आला. आकडा दोन्हीकडे एक लाखाचाच आहे. नुसत्या रिपोर्टवर औषध दिले तर जंतू तात्पुरते जातात आणि त्यांच्या जागी औषधाला दाद न देणारे येतात.

दर महिन्याचे कल्चर बंद करा. लक्षणे दिसली आणि डॉक्टरांनी सांगितले तर करा, आणि तेव्हाही नमुना बॅगेच्या तळाच्या तोटीतून घेऊ नका. तिथली लघवी कित्येक तास साठलेली असते आणि तिच्यात उगवलेले जंतू म्हणजे वडिलांच्या मूत्राशयातले जंतू असे मानता येत नाही. जुनी नळी बऱ्याच दिवसांची असेल तर ती बदलून नव्या नळीतून, सिस्टरकडून नमुना घ्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. चेंबूर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तो रिक्षात तासभर राहणार असेल, तर बर्फाच्या डब्यातून न्या.